कोयसा

धम्मज्योतीचा रशियातला प्रवेश पक्का झाला त्या रात्रीपासून
आमच्या ताटापाशी तेहेतीस अक्षरं जेवायला बसू लागली.
Р दिसतो तसा नाही बाबा, तो र आहे.
आणि Н म्हणजे न.
मी म्हटलं, कपडे इंग्रजाचे, बोली भलतीच,
असे पाहुणे आपल्याकडेही येतात.

च साठी मात्र त्यांनी दोन घरं बांधली.
चारमधला वेगळा, चाऱ्यातला वेगळा.
आपण दोघांना एकाच घरात ठेवतो,
तरी बैलापाशी उभं असलेलं तीन वर्षांचं पोर
कोणी न सांगता ओळखतं
आतून कोण बोललं.
एकतीस वर्षं बाराखडी घेतली,
हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

ध ला तिकडे जागा नाही.
तिच्या नावातला ध दोन अक्षरं जोडून काढतात,
पंक्चर काढल्यासारखा.
आडनावातला ळ तर पासपोर्टावरच ल झाला.
जाऊ द्या, म्हणाली, गावात तरी कुठे टिकला तो,
इंगये मास्तरच म्हणतात तुम्हाला.

मग एक अक्षर आलं, त्याला आवाजच नाही.
ь
एक पाय मुडपून बसलेलं.
आपण गप्प राहायचं
आणि शेजारच्या व्यंजनाला मऊ करायचं, एवढंच त्याचं काम.
उगल म्हणजे कोपरा.
उगल्य म्हणजे कोळसा,
पण य ऐकू येऊ द्यायचा नाही,
नुसता जिभेला कळू द्यायचा.
पुन्हा म्हण, मी म्हटलं.
तिनं अकरा वेळा म्हटलं.
मला अकराही वेळा कोपराच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दाखल्यावर सही घ्यायला ती शाळेत आली.
शेडमध्ये पार्बताबाई खिचडी ढवळत होती.
ही फोनमधल्या बाईमागून घोकत होती, उगल्य, उगल्य,
अन् पार्बताबाई, पातेल्यातून नजरही न काढता,
हिच्या मागून एकदाच म्हणाली.
धम्मज्योती थांबली.
फोनमधली बाई पुन्हा वाजवली.
पार्बताबाईला पुन्हा म्हणायला लावलं.
बाबा, हेच. अगदी हेच.

'म्हंजे काय वं बाई?'
कोळसा.
'कोयसा? मंग तसं सांग नं.
माहा गुनवंत वनीले तेच भरून राह्यला ट्रकात.'

गुणवंत. चौथी ब.
वहीत त्यानं डोया लिहिला होता,
मी लाल शाईनं गोल केला,
खाली दहा वेळा लिहून घेतलं: डोळा.
लिहिलं पोरानं, दहाही ळ वळणदार.
मग वाच म्हटलं तर
डोया, डोया, डोया,
दहा वेळा, न अडखळता,
बोट प्रत्येक ळ वर ठेवून.
वर्ग हसला. मला वाटलं, मलाच हसला.

आता शाळा सुटल्यावर
फळ्यासमोर मी एकटा जीभ टाळूला लावून पाहतो.
ळ साठी ती मागे वळते, सवयीनं,
तिला पुढे सरकवत नाही.
उगल, म्हणतो मी. उगल.
खिडकीशेजारी, घंटेच्या खाली,
त्या दिवशी त्याला तिथे उभा केला होता
मधल्या सुट्टीपर्यंत.