तिळातिळाने

टीव्हीचा रिचार्ज संपला त्या आठवड्यात हे सुरू झालं.
भरायचा राहून गेला, असं मी घरात सांगितलं.
खरं तर पगार व्हायचा होता.

शाल्मलीची शाळा दुपारची, माझी तेव्हा दुसरी पाळी.
सकाळी घरात आम्ही दोघं
आणि वैजूचं पिको-फॉलचं मशीन.
सव्वादहाला कन्नमवारनगरातल्या आमच्या खिडकीतून
उन्हाचा एक वाकडा चौकोन लादीवर उतरतो,
गजांच्या रेघांसकट.
त्यात पाय पसरून बसली होती ती.
म्हणाली, बाबा, हे सरकतंय.

वैजूच्या डब्यातला निळा खडू घेतला,
कडेला रेघ ओढली.
दहा मिनिटांनी दुसरी.
मधलं अंतर माझी एक मूठ, तिची दीड.
मी म्हणालो, ऊन नाही गं सरकत, आपण सरकतोय.
हे घर, ते मशीन, समोरचा दूधवाला, सगळं.
तिने लादी दोन्ही हातांनी घट्ट धरली.
मग आपण पडत का नाही?

मी लिफ्ट दुरुस्त करतो, तेवीस वर्षं.
मला जे येतं ते सांगितलं:
लिफ्टच्या मागे दुसऱ्या टोकाला वजन लटकतं,
ते खाली जातं तेव्हा माणसं वर येतात.
नाडीला दोन बटाटे बांधून करूनही दाखवलं.
बटाटे छान वरखाली झाले.
तिच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.
तिलाही कळलं ते. बटाटे तिने आईला नेऊन दिले.

पौषात वैजू तीळ निवडत होती.
सहज म्हणाली, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो.
शाल्मली म्हणाली, मोजू या.

रोज सव्वादहाला, माझ्या घड्याळात बघून,
कालच्या रेघेपासून आजच्या रेघेपर्यंत
तीळ मांडायचे, टोकाला टोक लावून.
वहीत लिहिलंय: एक. दोन.
मुंगीने नेला, म्हणून माहीत नाही.
दोन. तीन.
पण रेघा चालल्या होत्या उलट्या, खिडकीकडे.
वैजूने मशीन थांबवलं.
दिवस वाढतोय, तर ऊन घरातून निघालंय कुठे?

दोन दिवस आम्हा तिघांनाही येईना.
तिसऱ्या रात्री पोरीने लाटणं उभं केलं,
माझी कामावरची बॅटरी घेतली
आणि हात उंच उंच नेत गेली.
लाटण्याची सावली आखडत आखडत बुडाशी आली.
सूर्य वर चढतोय, आई.
वर गेलेल्याला आमच्या घरातलं कमी दिसतं.

तेव्हापासून वैजू तेवढ्या लाद्या सोडून घर पुसते.
ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना म्हणते,
जरा तिकडून या, अभ्यास वाळतोय.

फाल्गुनात एका सकाळी सव्वादहा झाले
आणि लादीवर काहीच आलं नाही.
वहीत नोंद आहे:
आज ऊन: नाही. ढग: नाहीत.
कारण: समोर सातवा मजला.

मला वाटलं, रडेल.
ती फूटपट्टी घेऊन खाली गेली.
पट्टीची सावली मोजली, मग टॉवरची, पावलांनी,
वॉचमनने गेटपाशी अडवलं तिथपर्यंत.
पुढचं अंदाजाने धरलं.
जिन्यावर बसून हिशेब केला: एकवीस मीटर.
मी मजले मोजून गुणाकार केला: साडेबावीस.
कोण चुकलं यावर जेवताना भांडलो.
वैजू म्हणाली, वॉचमन चुकला.

आता तिथे बावीस मजले झालेत.
आमच्याकडे ऊन सव्वाअकराला येतं, चिंचोळं,
मशीनच्या पायाशी जरा टेकतं आणि जातं.
रिचार्ज केव्हाच भरलाय.

काल कंपनीने नवं काम दिलं. तोच टॉवर.
गच्चीवरच्या मशीन रूमची चाचणी, सोमवारपासून.
घरी सांगावं की नको, असं झालं मला.
सांगितलं.

शाल्मलीने माझ्या डब्याच्या पिशवीत
वही, खडूचा तुकडा
आणि पुडीत मूठभर तीळ ठेवलेत.
म्हणाली, सव्वादहाला वरून नीट बघ,
आपलं ऊन कुठे पडतं,
आणि कडेला रेघ मारून ये.