टाकीत किती आहे

अकरा महिने काटा खालीच.
टाकी काठोकाठ भरून घेतली तरी
पंपावरून बाहेर वळताना सांगायचा, रिकामी.

मग मी मैल मोजायला लागले.
डॅशबोर्डच्या खणात वही, तिला दोऱ्याने पेन्सिल:
स्किप्टन ते ग्रासिंग्टन नऊ, परत नऊ,
गारग्रेव्हला दातांच्या डॉक्टरकडे पाच.
बेरीज दीडशेवर गेली की पंप.
एकदाच हातचा घ्यायचा राहिला
आणि हेटनच्या चढावर, मेंढ्यांदेखत,
गाडी दोनदा खोकून गप्प.

गाडी एकोणसत्तरची मॉरिस,
मागे लाकडी चौकट, सांध्यांत शेवाळ.
नवरा म्हणतो, ही गाडी नाही, कुंडी आहे.

शेजारचा डेस्मंड थ्वेट, बस डेपोत चाळीस वर्षं मेकॅनिक.
आता हात असे की चहा अर्धा बशीतच.
"मी सांगतो, तू कर," म्हणाला,
आणि चष्मा पुसून ड्रायव्हरच्या सीटवर बसला,
काट्यावर पाळत ठेवायला.

मी मागे, फळी उचलून, पालथी,
तोंडात टॉर्च.
टाकीच्या डोक्यावर गोल झाकण, त्यावर एक वायर.
"ती काढ. पत्र्याला टेकव. रंग नसेल तिथे."
टेकवली.
"हलला?"
"नाऊट."
नाऊट म्हणजे काही नाही.
या गावाने मला शिकवलेला पहिला शब्द.
पत्रा खरवडला. पुन्हा टेकवली. थांबले.
असल्या जुन्या काट्याला घाई चालत नाही,
आतली पट्टी तापते, मग वाकते, मग तो उठतो.
"समट," पुढून आवाज. काहीतरी.
आणि मग, "येतोय, येतोय, अर्धा...
पुरा, लव्ह, पुरा!"

म्हणजे काटा शहाणा. वायर शहाणी.
खोट टाकीपाशीच.

मी ठरवूनच टाकलं होतं: आतला तरंगता गोळा फुटला,
पेट्रोल पिऊन तळाशी बसला.
नवा कितीला पडेल, तेही मनात मोजून झालं.
"टाकी उघडू नकोस. आधी अर्थ बघ," डेस्मंड म्हणाला.

तो म्हणत होता ती दुसरी वायर, काळी,
टाकीला गाडीच्या अंगाशी बांधणारी.
मी ऐकला तो आपल्यातला अर्थ.
सापडला एका स्क्रूखाली,
पितळेत ताक कळकावं तसा हिरवा.

सँडपेपर, जुना टूथब्रश,
डेस्मंडच्या तंबाखूच्या डबीतला एक स्क्रू.
अर्थ लागला.

काटा पाऊण टाकीवर येऊन थांबला.
वहीत पाहिलं: सत्तेचाळीस मैल. जुळतंय.

हात पुसत पुढे आले तर डेस्मंड उतरलेला नाही.
त्याचं लायसन्स गेल्या मार्चमध्ये गेलं.
चावी अर्धीच फिरवलेली, काट्यापुरती,
इंजिन बंद,
पण त्याच्या हातांनी स्टिअरिंग किंचित थरथरत होतं,
गाडी चालू असल्यासारखं.
"पाऊण," तो म्हणाला. मला नाही, समोरच्या काचेला.

मी पलीकडचं दार उघडून बसले.
बराच वेळ बसलो.
मग सवयीने वही काढली, तारीख टाकली,
आणि मैलांच्या रकान्यात लिहिलं,
नाऊट.