दात मोजताना

मे महिन्याचा तिसरा आठवडा,
वाळ्याच्या ताट्यांमागं कूलर घरघरतोय,
आणि प्राणिशास्त्राच्या टेबलावर, आगपेटीत,
कापसावर निजलेले एकोणीस शंख.
लक्षद्वीपहून आलेत.
सगळ्यात मोठा बोराच्या आठळीएवढा,
कानाला लावावा असा एकही नाही.
झिरो माइलच्या दगडावर कोरलेल्या गावांत
समुद्र नाही.

मोरुला की एंजिना?
दोघांच्याही अंगावर तुतीसारख्या गाठी,
दोघांचंही तोंड म्हणजे नुसती चीर.
पुस्तक म्हणतं रंगावर जाऊ नका,
लाटांनी झिजवलेल्या शेंड्यावर तर नकोच.
ओठ जाड आहे का बघा, त्याच्या आत दात किती,
मधला खांब गुळगुळीत की सुरकुतलेला,
खालची पन्हळ किती आखूड.

तासाभरात माझे चार झाले,
त्यातले दोन परत आगपेटीत.
भिंगाखाली जांभळं काही चमकलं
की मी भुलते.

तितरमारे कप उचलायला आले.
"म्याडम, काय शोधून राहिल्या?"
सांगितलं.
त्यांनी एक शंख चिमटीत धरला,
माझी सुई घेतली, डोळे मिटले,
मोतीबिंदूनं तसेही अर्धे मिटलेलेच,
आणि चिरीच्या आतून सुई फिरवली
बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवावं तशी.
"एक. दोन. इथं खरबरीत हाय. तीन."

नोकरी लागायच्या आधी नऊ वर्षं
कळमन्याला संत्र्याच्या ढिगावर बसून
त्यांनी माल निवडला होता.
"रंग पाहून घेते ते गिऱ्हाईक.
आमी देठापाशी आंगठा लावून पाहो."

मग ते सांगत गेले, मी लिहीत गेले.
मधेच वीज गेली, कूलर थांबला,
आणि खोलीत ऐकू यायला लागली
दातांवरून घसरणारी सुई.

पाचपर्यंत सोळा झाले.
उरलेल्या तिनांत एकाचा ओठच फुटलेला.
एक पोर,
ओठ जाड व्हायच्या आत मेलेलं,
दात यायचेच होते, त्याला नाव देता येत नाही.
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
तिसऱ्यात सुई अडली.
उलटा करून टिचकी मारली तर वहीवर पडली
पांढरी रेती, चिमूटभरही नाही.

तितरमाऱ्यांनी फडकं घेतलं,
टेबल पुसत पुसत वहीपाशी आले
आणि थांबले.
"हे फेकाचं नाही न?"