आधी वास

शनिवारी गेथिनच्या फाटकाशी गाडी थांबली
तेव्हा मॉस मागच्या काचेला नाक लावून
अख्खं वेल्स धूसर करून बसला होता.

"दोरी सोडू नकोस," एअरलिस म्हणाली,
"आधी वास जाऊ दे पुढं, मग कुत्रा."

वास गेला. मेंढ्यांनी माना वर केल्या.
एकीनं पाय आपटला
आणि आमचा शूर, पोस्टमनचा कर्दनकाळ,
माझ्या बुटांमागे.
तांबड्या कोंबड्यानं तर त्याला पार गोठ्यापर्यंत पिटाळलं.
गेथिननं हसता हसता चहा सांडला.

नेली म्हातारी, एका कानानं बहिरी.
ती कुणाला भेटायला गेलीच नाही,
कुंपणाशी जाऊन आडवी झाली नुसती.
लंगडी गाढवीण आली, हुंगलं,
तिच्या पाठीवरून गरम श्वास फिरवला
आणि तिथंच उभी राहिली
अंधार पडेस्तोवर.

रविवारी निघताना
एअरलिसनं अंडी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
गेथिननं फाटक लावता लावता
थंडीत गेलेल्या त्याच्या कुत्रीचं नाव घेतलं,
एकदाच, कडीकडे बघत.

कार्डिफ येईपर्यंत मॉस झोपेत भुंकत होता.
नेलीच्या अंगाला गाढवाचा वास.
आज गुरुवार.
अजून तिला आंघोळ घातलेली नाही.