खण चारशे बारा

सडबरीत एप्रिल, तरी गोदामात थंडी उभीच.
पणजोबा एइनो खाणीबाहेरून मोडकी यंत्रं आणायचे,
कोंबडी सोलावी तशी सोडवायचे, नटसुद्धा फेकत नसत.
आजोबांनी वही घातली. वडिलांनी संगणक आणला,
आणि अर्ध्या मालाला नावच सापडेना.

आज एक म्हातारा आलाय,
टोपीत गुंडाळून झिजलेला गिअर घेऊन.
“डोझरचा? हा आता कुणी बनवत नाही,”
आयला म्हणते, म्हणता म्हणताच शिडी लावते.
वरच्या खणात, मेणकागदात,
तस्साच एक. त्यावर आजोबांचं अक्षर:
“लागेल कधीतरी. सव्वाचार डॉलर.”

म्हातारा पाकीट उघडून उभा.
ती शून्य वाढवायला पेन उचलते.
शाई गोठलेली.
फुंकर घालते. थांबते.
“वरची पावली,” विचारते, “सुटी आहे का?”