परत नेले

वहीत चार रकाने होते.
मुलाचं नाव. कोणाचं. केव्हा आणलं.
शेवटचा : परत नेले.

मिल्काबाई लिहायच्या रेवदंड्याच्या शाळेतलं मराठी,
मसूदा बसऱ्याची आपली लिपी, उजवीकडून.
दोघींच्या ओळी पानाच्या मध्यावर थांबायच्या,
मनामाच्या बोळात समोरासमोर आलेल्या बायांसारख्या :
तू आधी हो. नाही, तू.

कोठी मसूदाच्या नवऱ्याची, भिंतींना कोऱ्या मांजरपाटाचा वास.
शिवणयंत्र फरहाचं. तिनं ते डोक्यावरून आणलं.
मिल्काबाईंचा नवरा कंपाउंडर; तो जेवताना बोलून गेला
की खोकणाऱ्या बायांच्या खाटांखाली मुलं झोपतात,
अंधारात पायाला लागतात.
त्या रात्री बाईंना घास गेला नाही म्हणे.
(हे फरहाकडून ऐकलेलं. ती वाढवून सांगायची.)

मी आलो शुक्रवारी, दिवे लागल्यावर.
दिवे लागले की यांची लेखणी बंद,
शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत.
आईनं दारातूनच नाव सांगितलं : शंबे.
आम्हा बलुच्यांत शंबे म्हणजे शनिवार.
बाई हसल्या. "मग आमचाच की रे तू!
आम्ही शनवार तेली."
मला काही कळलं नाही. गार भात कळला.
एक रात्र, एक दिवस
मी कुठल्याच वहीत नव्हतो.

आई गुरुवारी यायची, पलीकडच्या भिंतीशी,
ओढणी तोंडावर दाबून.
गोड्या पाण्याचं गाढव मध्ये आलं
की वाकून बघायची.
पाच गुरुवार.
सहाव्याला गाढव गेलं, नुसती भिंत.

मरहूनला नेलं. झुलेखाचा बाप मोत्यांच्या हंगामातून आला,
कान फुटलेला, ओरडून बोलत, तिला खांद्यावर घेऊन गेला.
माझ्या नावापुढे बाईंनी टाक टेकवला, उचलला.
मसूदा म्हणाली, राहिला असं लिही.
बाई म्हणाल्या, शाई वाळलीय.
नऊ वर्षं ती वाळलेलीच होती.

मग एकेक करून त्या गेल्या. मुंबईची बोट लागली तेव्हा
मी धक्क्यावर पोती उचलत होतो, सतरा वर्षांचा.
"येतोस?"
मी मान हलवली. नाही.
त्यांनी वही माझ्या हातात दिली,
शिडीवर दोन पायऱ्या चढल्या, वळल्या,
म्हणाल्या, मलिद्याचे पोहे भिजवताना
पाणी बेतानं घाल, तुझा हात सैल आहे.