लाल बटण

अठ्ठेचाळीस ट्रॅक मिळतात, निषाद सांगत होता,
आणि मला येतात तीन कॉर्ड.
चौथा, एफ, बोटं चावतो.

पहिलं सॉफ्टवेअर उघडलं
तर एजी ऑफिसातली सगळी कपाटं
एकदम उघडल्यासारखं : खणात खण, खणात चाव्या.
बंद केलं.
दुसरं पंधरा दिवसच फुकट.
तिसऱ्यात एक लाल बटण, एक रेघ.
हेच राहू दे, म्हटलं.

ग्वाल्हेरचा मे. लष्करात दुपारचे तीन.
कूलर बंद केला, माइकला तो धबधबा वाटतो.
खिडकी लावली. घाम कोपरावरून गिटारवर.
वाजवलं.
रेघ उठली, बसली,
जिथे एफ चुकला तिथे बारीक गाठ.

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्यांत
अशाच गाठी शोधल्या मी, हिरव्या शाईनं.
इथे मागे वळलेला एक बाण आहे,
दाबला की चूक झालीच नव्हती.

नाही दाबला.
खाडाखोड दिसली पाहिजे.

तार थांबली तरी
रेघ थोडी थरथरत राहिली.
हेडफोन लावून ऐकलं :
गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा,
आणि आतून, अगदी स्पष्ट,
"झालं का? जीव चाललाय उकाड्यानं."

हे कापू का, निषाद विचारतो.

मी उठून कूलर लावतो.